आखणीवाल्याची भोवळ

आमचे हे गेल्यापासून मला पुण्याई या शब्दाचा वीट आला आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण तोच शब्द घेऊन यायचा. "देवाला डोळे दिले नि देवासमोरच गेला. सोनं झालं गो तुझ्या नवऱ्याचं." सुरुवातीला मी मान हलवायचे. पुढे पुढे कुणी असं म्हणालं की उठून आत जायचे आणि घासलेलीच भांडी परत घासायचे. सोनं घेऊन मी काय करू? मला माणूस हवा होता, सकाळी उठून चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरणारा.

आमचे हे पेणच्या एका कारखान्यात आखणी करायचे. बाहेरच्या माणसाला कारखाना म्हटलं की धूर आणि भोंगा आठवतो. आमच्या पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचा. साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, अंगाला रंग मारणारे वेगळे, दागिन्यांना सोनेरी लावणारे वेगळे, आणि सगळं झालं की शेवटी डोळे काढणारा, तो आखणीवाला. डोळे चुकले की बाकीचं सगळं फुकट, म्हणून त्याचा मान मोठा. मी त्याच कारखान्यात पॉलिश पेपरने मूर्ती घासते. लग्न होऊन रोह्याहून इथे आले ती घासतेच आहे. पांढरी धूळ नाकात, केसांत, घरी गेलं तर भाकरीच्या पिठात. माझ्या बोटांच्या रेषाच गेल्यात. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, आणि तिथला माणूस दर वेळी माझ्याकडे असा बघतो की मीच चोर.

आखणीची एक रीत आहे. आखणीवाला मूर्तीसमोर पाटावर बसला की पंखे बंद, कारण वाऱ्याने ब्रशचं टोक हलतं. मोबाईलवरची गाणी बंद. आम्ही बायका हातातला पेपर खाली ठेवतो. मग तो ब्रशला ओठात धरून टोक काढतो, पुढे झुकतो आणि श्वास धरतो. बुबुळाची कड एका श्वासात पुरी व्हायला हवी. मध्येच श्वास घेतला तर छाती हलते, छाती हलली की हात हलतो आणि देव तिरळा होतो. त्याने श्वास धरला की नकळत सगळा कारखाना धरतो. कड पुरी झाली, त्याने सोडला, की आम्ही सगळ्या सोडतो आणि पंखे परत सुरू. पंख्यांची बटणं माझ्या बसायच्या जागेवर भिंतीत आहेत, त्यामुळे ते काम माझ्याकडे. माझा अर्धा संसार नवऱ्याने श्वास सोडायची वाट बघत, बटणावर हात ठेवून गेला असं म्हटलं तरी चालेल.

आता श्वास धरणाऱ्याला भोवळ येणारच. कारखान्यात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक. यांचे काका आखणी करायचे, त्यांना यायची. पलीकडच्या आळीतल्या आखणीवाल्याला यायची. डोळे काढून उठताना माणूस क्षणभर भिंत धरतो, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, मग बरा होतो. "आखणीवाल्याला होतंच ते," असं म्हणायचं आणि त्याच्या हातात गुळाचा खडा ठेवायचा. पेणमध्ये ताप आला तर लोक डॉक्टरकडे जातात, पण आखणीवाल्याच्या भोवळीला कुणी आजार म्हणत नाही. शिंप्याच्या बोटाला सुई टोचते, तसं ते.

आमचे हे जायच्या आधीच्या सीझनला त्यांची भोवळ वाढली. पूर्वी डोळे काढल्यावरच यायची, ती आता कधीही यायला लागली. दम लागायचा, तोंड चुलीतल्या राखेसारखं व्हायचं. मग रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर कुशीवर पडायचे, आणि पडल्या पडल्या बरं वाटायचं. जरा वेळाने उठून परत पाटावर. आजारी माणूस असा असतो होय? आजारी माणूस कण्हतो, पेज मागतो, घर डोक्यावर घेतो. आमचे हे उठून बायकांची थट्टा करायचे. अंगाने थोडे उतरले होते, पण सीझनला कारखान्यात कोण जाड होतं?

एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी आखणी आता लय वाढली हाय. चप्पल घालायला वाकलो तरी डोळा काढल्यागत होतंय."

सगळा कारखाना हसला. आमचे शेठ म्हणाले, "मग चपलेला पण डोळे काढ रे. तुला वाट तरी दिसंल." त्यावर परत हसू. मीपण हसले. डब्यात त्या दिवशी वालाचं बिरडं होतं, तेसुद्धा मला आठवतं.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. नेलं नाही असं कुणी म्हणू नये, फार जण म्हणून झालेत. डॉक्टर चांगला माणूस. बीपी बघितलं, छातीला वायरी लावून पट्टी काढली. पट्टीत काही निघालं नाही. "कधी होतं असं?" म्हणून विचारलं, तर आमचे हे मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आखणी करताना श्वास धरतो ना डॉक्टर, त्यानं." डॉक्टरच्या घरचा गणपती आमच्याच कारखान्यातला. आखणी म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. "मग मध्ये मध्ये सोडत जा की," म्हणाले, आणि रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या. चपलेचं तिथे निघालंच नाही. ते हसायचं होतं, डॉक्टरला सांगायचं नव्हतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पण म्हणी अशा नेहमी उशिराच सुचतात.

माझं माहेर रोह्याचं. धाकटा भाऊ धाटावला केमिकलच्या कंपनीत कामाला आहे आणि शेजारच्या वरसे गावात घर बांधून राहतो. त्याचा गणपती दर वर्षी आमच्याच कारखान्यातून जातो, आणि डोळे काढायचे ते दाजींनीच, असा त्याचा हट्ट. त्या वर्षी हरतालिकेच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "ताय, नागोठण्याच्या पुढं टेम्पोला दणका बसला. देवाच्या उजव्या डोळ्यावर दोरी घासली. दाजींना घेऊन ये गो, उद्या देव बसायचा हाय." आमचा हा हायवे माझी लेक फ्रॉकात होती तेव्हापासून होतोच आहे. त्यावरून माणसं धड पोचत नाहीत, देव कुठून पोचणार? आम्ही ब्रशची डबी घेऊन एसटीने निघालो. माझा उपास होता. हरतालिकेचा निर्जळी उपास बायका कुणासाठी करतात ते मी सांगत बसत नाही.

भावाच्या पुढच्या खोलीत पाट मांडला. मी सवयीने उठून पंखा बंद केला. भाऊ, भावजय, शेजारच्या दोघी, सगळे गप्प. यांनी घासलेला भाग पुसला, रंग लावला, वाळू दिला, आणि डोळा काढला. मी त्यांचे हजारो डोळे बघितले असतील. पण तो डोळा खरंच चांगला उतरला होता. त्यांनी श्वास सोडला आणि उठले. मी बघत होते, भिंत धरतात का म्हणून. धरली नाही. भोवळ आली नाही. चहा घेतला, भावजयीला म्हणाले, "साखर बेताची हाय, पण चालंल." मग मला म्हणाले, "चल गो, गाडी सापडंल आता."

दारात गेले, चप्पल घालायला वाकले, एका पायात चढवली आणि तसेच पडले.

मला वाटलं पाय अडकला. मग तोंड बघितलं तर राखेसारखं. आम्ही त्यांना नेहमीसारखं कुशीवर केलं आणि थांबलो. नेहमीसारखं होतं ना ते, बरं वाटणारच होतं. भावजयीने गूळ आणला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि भावाला सांगत होते, "घाबरू नको, आखणीवाल्याला होतंच ते." रिक्षातून दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरने हात लावला आणि माझ्याकडे न बघता भावाकडे बघितलं.

पुढचं सगळ्यांच्या घरी होतं तसंच. बिनआजारी माणूस गेला म्हणून पोलीस आले. काय खाल्लं, विचारलं. चहा. कुणी केला, विचारलं. माझी भावजय त्या प्रश्नाने जी रडायला लागली ती काही थांबेना. कुणी म्हणालं धाटावचा वास लागला असेल, त्या दिवशी हवेत होताच. कुणी म्हणालं नजर. चिरफाड केली तेव्हा तिथल्या डॉक्टरला हृदयात काहीतरी दिसलं, म्हणून ते तपासायला पाठवलं. आणि पेणला आल्यावर पुण्याईवाल्यांची रांग लागली, ते सांगितलंच.

बऱ्याच दिवसांनी तपासणीचा कागद आला म्हणून भावाने बोलावलं. मी आणि लेक दोघी रोह्याला गेलो. चिरफाड करणाऱ्या डॉक्टरने आम्हाला बसवून समजावलं. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात एक गाठ होती. कॅन्सर नव्हे. साधी गाठ, म्हणाले. पसरत नाही, दुसरीकडे जात नाही, अशी गाठ क्वचितच सापडते. मऊ, चिकट, एका देठाने आतल्या भिंतीला लोंबणारी. कप्प्याच्या खाली झडप असते, दरवाजासारखी. माणूस उठला, वाकला, वळला की गाठ लोंबत त्या दरवाजात येते. उंबऱ्यात पायपुसणं गोळा झालं की दार अडकतं ना, तसं. रक्त पुढे जात नाही, भोवळ येते. आडवं झालं की गाठ सरकते, दार मोकळं, माणूस बरा. आणि एखाद्या वेळी ती सरकतच नाही.

मी विचारलं, "साधी?"

"म्हणजे कॅन्सरची नाही, असं."

ते चांगल्या मनाने सांगत होते, मला कळत होतं. पण साध्या गोष्टीने माणूस मरतो हे ऐकायला मला फार जड गेलं. वाघाने खाल्लं तर निदान वाघ तरी असतो. शेवटी डॉक्टर लेकीकडे बघून म्हणाले, "बहुतेकदा असं घराण्यात नसतं. पण काही घरांत असतं. हिची एकदा हृदयाची सोनोग्राफी करून घ्या."

लेक एसटीत म्हणाली, "मला काय झालंय? मी नाय जायची."

लेकीबद्दल सांगायला हवं. ती यांच्याच हाताखाली आखणी शिकली. आमच्याकडे आखणीवाली बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. लहानपणी पोत्यावर बसून खडूने फरशीवर डोळे काढायची, मग टाकाऊ मूर्तींवर, मग उंदरांवर. आमचे हे गेल्यावर शेठनी तिला बोलावलं आणि बापाच्या पाटावर बसवलं. गिऱ्हाइकं पहिल्यांदा नाक मुरडत होती. आता तिच्या आखणीचा मोबाईलवर व्हिडिओ काढायला येतात. बापासारखीच झुकते, बापासारखाच ब्रश ओठात धरते, बापासारखाच श्वास धरते. आणि मी बटणावर हात ठेवून बसलेली, परत तीच. देवाने माझ्यासाठी दुसरं कामच काढलं नाही.

मी मागे लागले होते. ती टाळत होती. सीझन संपू दे, पाऊस कमी होऊ दे, मामाला सुट्टी असू दे. एकदा जेवताना खरं काय ते बोलली. "गाठ निघाली तर छाती फाडणार ना आई? मग हात आधीसारखा चालंल? मला डोळे नाय काढता आले तर मी काय करू?" पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चिडले. मला उत्तर नसलं की राग येतो, आमच्या यांना ते माहीत होतं, हिलाही आहे.

मग यंदा, मोठ्या मूर्तींची आखणी चालू होती तेव्हा, तिने डोळा पुरा केला, उठली, आणि भिंत धरली.

तोंड पांढरं झालं होतं. क्षणभरच. मग हसली. कारखान्यातल्या बायका काही झालंच नाही अशा पेपर उचलून घासायला लागल्या. शेठ रंगाचा डबा ढवळत मान वर न करता म्हणाले, "आखणीवाल्याला होतंच ते. गूळ दे तिला."

मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. भावाच्या दारात हेच वाक्य मी बोलले होते. मी गूळ दिला. ती पुढच्या मूर्तीसमोर बसली. सगळे गप्प झाले, गाणी बंद झाली. मी पंखे बंद केले नाहीत.

"आई, पंखे," लेक म्हणाली.

"नाय करायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे नाय करायचे. रोह्याला येतेस का सांग, मग करते."

शेठ म्हणाले, "अगो, टेम्पो दारात उभा हाय. गिऱ्हाईक थांबलंय."

"थांबू दे. माझा नवरा पण गाडीलाच चालला होता."

शेठ उठले, मी बटणांना पाठ लावून उभी राहिले. पन्नाशी उलटलेली, केसांत धूळ, हातात पॉलिश पेपर. मला मीच दिसत होते आणि लाजही वाटत होती. पण शेठ यांच्याच वयाचे, यांना खांदा दिलेले. ते परत खाली बसले. पंखे गरगरत होते. ब्रशवरचा रंग वाळत होता. लेकीने पाठमोऱ्यानेच ब्रश पाण्यात धुतला. मग म्हणाली, "येते. बंद कर आता." मी बंद केले. आणि तिने श्वास धरला तेव्हा मला वाटलं आपण हे काय करून बसलो, आताच काही झालं तर? पण डोळा चांगला आला.

रोह्याला एका खासगी दवाखान्यात ठरावीक वारी हृदयाची डॉक्टरीण येते, मशीन घेऊन. भावाने नंबर लावून ठेवला होता. सकाळची शिफ्ट बदलून घेऊन तो स्टँडवर आला, तिथून तिघं गेलो. बाहेर चपलांचा ढीग होता. बाकावर धाटावच्या कंपन्यांतले कामगार बसले होते, गणवेशातच. भाऊ लेकीशी काहीबाही बोलत होता, वरशात नवी बिल्डिंग झाली, तिथे मोठं दुकान झालं. ती हूं हूं करत होती. मी रात्रभर झोपले नव्हते आणि मला तिथेच बाकावर डोळा लागेल की काय असं वाटत होतं. भीतीनेसुद्धा माणूस थकतो. नवरा गेल्यावर मला वाटलं होतं की आता भ्यायला काही उरलं नाही. उरतं.

आम्हा दोघींना आत घेतलं. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या लेकीहून थोडी मोठी असेल. लेकीला आडवं व्हायला सांगितलं. "डाव्या कुशीवर हो." लेक कुशीवर झाली आणि माझ्यासमोर पोत्यांचा ढीग आला. मी भिंतीकडे बघितलं. छातीला ते थंड जेल लावलं आणि मशीनचा दांडा फिरवायला लागली. पडद्यावर करडं काहीतरी उघडमिट करत होतं.

"आता श्वास सोड आणि धरून ठेव."

लेकीने धरला. डॉक्टरीण बघत होती, बटणं दाबत होती. मीही धरला, सवयच ती. मला दम लागला, मी सोडला. लेकीने सोडला नव्हता.

"अगं, घे आता," डॉक्टरीण हसली. "इतका वेळ कुणी धरत नाही. पोहतेस का?"

"आखणी करते. गणपतीचे डोळे काढते."

मग डॉक्टरीणबाईंना सगळं सांगावं लागलं. मुंबईची बाई, तिला आखणी माहीत नव्हती. पेणच्या डॉक्टरांसारखं तिने लगेच मान हलवली नाही, प्रत्येक गोष्ट विचारून घेतली. दांडा फिरवता फिरवता म्हणाली, "चक्कर कधी येते? श्वास धरून डोळा काढल्यावरच?"

"हां. तेव्हाच."

"इतर वेळी कधी? झोपून उठताना? वाकताना?"

"नाय."

"नीट आठव. समजा, चप्पल घालायला वाकलीस, तर?"

"नाय," लेक म्हणाली, आणि तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

तिला आठवलं होतं. चपलेच्या थट्टेच्या त्या दिवशी तीही होती, आमच्यात बसून जेवत होती. तीपण हसली होती.

डॉक्टरीणबाईंनी दांडा ठेवला, लेकीला पुसायला कागद दिले. "काही नाही. हृदय एकदम स्वच्छ आहे. गाठ नाही, काही नाही. तुझी चक्कर श्वास धरल्याचीच आहे. उपाशीपोटी काम करू नकोस आणि दोन कडांच्या मध्ये जरा थांबत जा."

म्हणजे आखणीवाल्याला होतंच ते. ते वाक्य खोटं नव्हतं. माझ्या लेकीच्या बाबतीत खरं होतं, काकांच्या बाबतीत खरं होतं, शंभर जणांच्या बाबतीत खरं असेल. म्हणून तर कुणी त्याच्या आड काय आहे ते बघितलं नाही. खोटं असतं तर केव्हाच उघडं पडलं असतं.

मी विचारायचं नाही असं ठरवून आले होते. तरी विचारलं. "हिच्या वडलांची ती गाठ. अशी मशीन लावली असती तर दिसली असती?"

मला वाटलं आता ही गोड काहीतरी सांगेल, आणि मला ते चाललं असतं. पण सरळ बाई होती. "हो," म्हणाली. "दिसली असती."

"आणि मग?"

"ऑपरेशन करून काढतात. बहुतेक लोक बरे होतात."

"परत काम करतात?"

"करतात."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या खाटेवर, त्या थंड जेलमध्ये, चहा गार व्हायच्या आत कळलं असतं असं काहीतरी आमच्या घरात कितीतरी महिने चालत बोलत होतं, बिरडं खात होतं, आणि ते स्वतःच्या तोंडाने सांगतही होतं. आम्ही हसलो होतो. मी कुणाला दोष देत नाही. हसण्यासारखंच बोलायचा माणूस. पण देवाने त्यांना विनोदाऐवजी नुसतं कण्हायला शिकवलं असतं तर आज मी त्यांच्याशी साखरेवरून भांडत असते, असं मला फार वाटतं.

बाहेर आलो. भाऊ बाकावरून उठला, माझं तोंड बघून घाबरला. लेकीने त्याला सांगितलं, "मामा, काय नाय. सगळं चांगलं हाय." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि रुमाल काढला. कंपनीतले लोक बघत होते. मग म्हणाला, "मी रिक्षा बघतो," आणि नाक पुसत पुढे गेला.

दारात चपलांचा ढीग होता. लेकीने आपली जोडी शोधली, पायाने पुढे ओढली, आणि वाकली. तिच्या चपलेला मागे पट्टा आहे, तो बसता बसत नाही. ती वाकलेलीच होती, पट्टा लावत होती. माझा हात भिंतीवर होता, कशावर ते मला नंतर कळलं, तिथे दिव्याचं बटण होतं. मी श्वास धरला होता.

तिने दुसरा पट्टा लावला. उठली. वेणी मागे टाकली.

"आई, चल ना," म्हणाली. "गाडी जाईल."

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. आमचे हे गेल्यापासून लोकांसमोर मी रडले नव्हते. लेक घाबरली, परत खाली वाकली, माझे खांदे धरले, म्हणाली, "काय झालं गो आई, मला काय नाय झालंय, सांगितलं ना तिनं." तेच तर मी बघत होते. ती वाकत होती आणि तिला काही होत नव्हतं.